मंदालिकाची गोष्ट रंगवून कशी सांगायची: एक राजकन्या, भांडणारे राजे आणि समुद्रातल्या न्याले

इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटावर ससाक लोक राहतात, त्यांच्याकडे मंदालिका नावाच्या राजकन्येची एक गोष्ट आहे. ऐकायला एकदम सोपी आणि सांगायला भलतीच अवघड. अवघड अशासाठी की घाईत सांगितली तर दोन ओळींत संपते: राजकन्या सुंदर होती, खूप राजांनी मागणी घातली, एकाला हो म्हटलं तर बाकीचे युद्ध करणार म्हणून तिने समुद्रात उडी मारली. ऐकणारा "अरेरे" म्हणतो, खिशातून फोन काढतो, आणि तुमची गोष्ट गेली पाण्यात.

माझं म्हणणं असं की बहुतेक लोक शेवट चुकीच्या जागी करतात. उडी हा शेवट नाहीये. या गोष्टीचा शेवट आहे एक तारीख. राजकन्या सगळ्यांना सांगून जाते की दरवर्षी अमुक महिन्यात अमुक दिवशी मी परत येईन, आणि ती खरंच येते, आजही येते, हजारो लोक पहाटे जाळ्या घेऊन तिला गोळा करायला कमरेएवढ्या पाण्यात उभे असतात. एवढं मोठं हत्यार हातात असताना लोक रडक्या सुरात उडीपाशी थांबतात याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. तर ही गोष्ट घरी, शाळेत, मित्रांच्या बैठकीत किंवा स्टेजवर सांगायची असेल तर काय करायचं ते लिहितोय. पाठांतर नको, पण थोडी तयारी लागेल.

आधी तारीख समजून घ्या, राजकन्या नंतर

ससाक लोकांचं जुनं शेतीचं कॅलेंडर कृत्तिका नक्षत्रावर चालतं. त्या चांदण्यांच्या पुंजक्याला ते रोवोत म्हणतात, आणि मधले काही आठवडे गायब झालेला रोवोत पहाटे पूर्वेला परत दिसायला लागला की त्यांचं नवीन वर्ष, म्हणजे साधारण मे महिन्याच्या सुमारास. तिथून मोजत गेलं की दहावा महिना फेब्रुवारीच्या आसपास पडतो, कधी मार्चला टेकतो. मंदालिकाने दिलेली तारीख आहे या दहाव्या महिन्याची 20. महिना चांद्र, त्यामुळे 20 म्हणजे पौर्णिमा उलटून पाचेक दिवस झालेले, वद्य पंचमीच्या मागेपुढे. 2024 मध्ये हा सण 29 फेब्रुवारी-1 मार्चला आला, 2025 मध्ये 18-19 फेब्रुवारीला. नक्की दिवस दरवर्षी जाणती मंडळी बैठक बसवून ठरवतात, त्या बैठकीला सांगकेप वारिगे म्हणतात, त्यात नुसतं गणित नसतं तर निसर्गातल्या खुणाही बघितल्या जातात.

सणाचं नाव बाउ न्याले, म्हणजे न्याले पकडणं. न्याले कोण हे तुम्हाला माहीत पाहिजे, पण ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळता कामा नये, हा पहिला नियम. सुरुवातीलाच "ही एका समुद्री किड्यांच्या सणाची गोष्ट आहे" असं सांगितलंत तर पुढचं सगळं वाया. त्याउलट तारीख मात्र पहिल्या वाक्यात द्या. "दहाव्या महिन्याची वीस तारीख लक्षात ठेवा, शेवटी लागेल." बस एवढंच. लहान मुलं असतील तर त्यांच्याकडून दोनदा म्हणून घ्या. मग गोष्टीत मध्येमध्ये ती तारीख टाकत राहायची, दूत येतो तेव्हा, सैन्य निघतं तेव्हा, आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याला वाटतं आता काहीतरी होणार.

"ती फार सुंदर होती" म्हणून पुढे पळू नका

मंदालिका ही तोंजांग बेरूच्या राजाची मुलगी, आईचं नाव देवी सेरांतिंग. ससाक लोक सांगतात त्यात तिच्या रूपाइतकाच भाव तिच्या स्वभावाला आहे, बोलायला गोड, गरिबांशी मिळून मिसळून वागणारी, प्रजेचा तिच्यावर जीव. सांगणारे नेमकं हेच गाळतात आणि चाफेकळी नाक नि हरिणीसारखे डोळे यात पाच मिनिटं घालवतात. ते करू नका. रूपाचं वर्णन जितकं लांबेल तितकी ती चित्रातली बाई होते, आणि मग शेवटी तिने घेतलेला निर्णय तिचा वाटतच नाही.

त्यापेक्षा तिचं सौंदर्य दुसऱ्यांच्या वागण्यातून दाखवा. परक्या मुलखातला एक व्यापारी बाजारात तिला बघतो आणि वजन करायचं विसरतो, गिऱ्हाईक ओरडतं, त्याचं लक्ष नाही. एवढं एक वाक्य पुरे. मग लगेच तिला कामाला लावा: शेताच्या बांधावर एका म्हातारीशी बोलतेय, पाऊस किती झाला, भाताला पाणी पुरेल का. हे उगाच नाही. लोम्बोकचा उत्तर भाग रिंजानी नावाच्या 3726 मीटर उंच ज्वालामुखीच्या पायथ्याचा, तिकडे हिरवळ आणि झरे. ही गोष्ट मात्र घडते दक्षिणेकडे, जिथे जमीन कोरडी, शेती पावसाच्या भरवशावर, आणि दहावा महिना म्हणजे शेतात भात उभा असण्याचे दिवस. सैन्य आलं तर काय तुडवलं जाणार हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं, फक्त ते शेत तुम्ही आधी दाखवलेलं पाहिजे.

एक पथ्य. ससाक लोक आज बहुसंख्य मुसलमान आहेत, गोष्ट त्यांच्याकडे पिढ्यान्पिढ्या तोंडी चालत आलीय, तिला आपल्या ओळखीचे कपडे घालू नका. अप्सरा नको, शाप नको, इंद्राचं सिंहासन हलायला नको. आणि जौहर किंवा सती तर अजिबात नको, कारण तिथे बाई कोणासाठी तरी किंवा कोणापासून तरी वाचायला मरते, इथे ती अख्ख्या भांडणाचा निकाल लावते. फार वेगळी गोष्ट आहे.

राजे: सगळा खेळ इथे आहे

तुमच्याकडे पंधरा मिनिटं असतील तर सात मिनिटं राजांना द्या. मी सिरीयसली सांगतोय.

मागणी घालणाऱ्यांची यादी सांगणाऱ्यागणिक बदलते. एका प्रचलित कथनात सहा राज्यं येतात: जोहोर, लिपुर, पाने, कुरिपान, दाहा आणि बेरू. कुठे राजे असतात, कुठे राजपुत्र. तुम्ही एक काहीतरी पकडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा, मध्येच राजाचा राजपुत्र झाला तर ऐकणारा गोंधळतो. नावं मात्र मजेशीर आहेत. जोहोर हे आजच्या मलेशियात. कुरिपान आणि दाहा ही जावा बेटावरच्या पांजी नावाच्या राजपुत्राच्या कथांमधली गाजलेली राज्यं, तिथून ती बाली, लोम्बोक आणि मलय मुलखापर्यंत गोष्टींबरोबर फिरली, आणि गंमत म्हणजे कुरिपान नावाचा एक भाग खुद्द लोम्बोकमध्येही आहे. म्हणजे ही यादी नकाशा काढून तपासायची नाही, "सगळ्या दुनियेतून स्थळं आली" एवढाच तिचा अर्थ. सहाच्या सहा नावं एका दमात, तालात म्हणायची, दोनदा सराव केला की जमतं, आणि मग सहाही जणांची ओळख करून देण्याच्या भानगडीत पडायचं नाही.

फक्त दोघांना चेहरा द्या. बऱ्याच कथनांत जोहोरचा दातू तेरुना आणि लिपुरचा मालियावांग हे दोघे सगळ्यात पुढे असतात, तेच घ्या. एक गरम डोक्याचा करा, दुसरा थंड, हिशोबी. आवाज बदलायचा असेल तर एवढाच बदला, नक्कल नको. आणि कृपा करून त्यांना राक्षस करू नका! खरी भीती यात आहे की प्रत्येक राजा आपल्या जागी बरोबर आहे. मागणी रीतसर घातलीय, नजराणे पाठवलेत, नकार आला तर अपमान, आणि अपमान गिळला तर त्याच्याच दरबारात त्याची किंमत शून्य. माघार कोणालाच परवडत नाही. हे ऐकणाऱ्याला पटलं की मग पुढचं सगळं आपोआप पटतं.

दूतांचा प्रसंग मी असा करतो. हा संवाद माझा आहे, परंपरेतला नाही, तुम्ही तुमचा बनवा.

पहिला दूत येतो. "राजकुमारी, आमच्या महाराजांना होकार द्या."
"आणि नाही म्हटलं तर?"
"तर महाराज सैन्य घेऊन येतील."
दुसऱ्या दिवशी दुसरा दूत, दुसरं राज्य, तेच बोलणं, तेच उत्तर. तिसऱ्या दिवशी तिसरा. चौथ्या दिवशी ती प्रश्न बदलते.
"आणि हो म्हटलं तर?"
दूत तोंड उघडतो, आणि मग बंद करतो, कारण बाहेर आवारात बाकीच्या राज्यांचे दूत बसलेत आणि ते सगळे ऐकतायत.

इथे थांबा. पाणी प्या पाहिजे तर. नाही म्हटलं तर युद्ध हे कुणालाही सुचतं, पण हो म्हटलं तरी युद्धच हे ऐकणाऱ्याच्या डोक्यात उतरायला दोन-तीन सेकंद लागतात आणि ती दोन-तीन सेकंद तुम्ही त्याला दिली पाहिजेत.

यानंतर सेंगगेगर आणा. सेंगगेगर म्हणजे ससाक लोकांमधली वशीकरणाची मंत्रविद्या, ज्याच्यावर केली तो माणूस वेडापिसा होऊन मागे येतो अशी समजूत. गोष्टीत राजांची माणसं मंदालिकावर सेंगगेगर चालवतात, आणि एकाने नाही तर अनेकांनी, त्यामुळे तिच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी वेगवेगळे चेहरे यायला लागतात, खाणं सुटतं, झोप उडते, ती खंगत जाते. लोक हा भाग जादूटोणा म्हणून उरकून टाकतात. मला तो फार धारदार वाटतो, कारण आतापर्यंत राजे तिचं राज्य ओढत होते, आता तिचं मन ओढतायत, आणि तिच्याकडे स्वतःचं असं काही उरलेलंच नाही. अंगात येऊन घुमण्याचा अभिनय वगैरे करू नका, हसं होईल. साध्या आवाजात सांगा: "डोळे मिटले की सहा चेहरे. उघडले तरी सहा."

आपल्याकडच्या ऐकणाऱ्यांना इथपर्यंत येता येता स्वयंवर आठवतंच. कोणीतरी बोलून पण दाखवतं. मग तेच वापरून घ्या: स्वयंवरात एकाच्या गळ्यात माळ पडते आणि बाकीचे हात चोळत बसतात नाहीतर तलवार काढतात. मंदालिका माळ घेऊन निघालीय असं सगळ्या राजांना वाटतंय, पुढच्या भागात हेच कामाला येतं.

ती पहाट

मंदालिका काही दिवस एकांतात ध्यानाला बसते, बाहेर येते आणि निरोप धाडते, सगळ्या राजांना, त्यांच्या माणसांना आणि आपल्या प्रजेला पण. दहाव्या महिन्याच्या वीस तारखेला, पहाट फुटायच्या आत, सेगेरच्या किनाऱ्यावर या. यादीतल्या प्रत्येक राजाला निरोप एकच आणि प्रत्येकाला वाटतं आपलीच निवड झाली.

सेगेर ही खरी जागा आहे. दक्षिण लोम्बोकमध्ये कुता म्हणून गाव आहे (बालीचं कुता वेगळं, गल्लत करू नका), त्याच्या पूर्वेला हा किनारा, बाजूला गवताच्या टेकड्या, पाण्यात घुसलेले खडक, पुढे थेट हिंदी महासागर. किनाऱ्यावर तिचा आणि तिच्या मागे धावणाऱ्या राजपुत्रांचा पुतळा आहे. जवळच्या कुता आणि तांजुंग आनच्या किनाऱ्यांवर वाळूचे दाणे मिऱ्यांसारखे गोल आणि जाड असतात, पायाखाली सरकतात. एवढी माहिती असली की प्रसंग उभा राहतो, अजून सजावट करायची गरज नाही.

सांगताना वेग कमी करा आणि वाक्यं छोटी करा. मी साधारण असं सांगतो:

अंधार आहे. चंद्र आहे पण कलला आहे, पौर्णिमा होऊन गेलेली. किनाऱ्यावर मशाली. डावीकडे एका राजाची माणसं, उजवीकडे दुसऱ्याची, मध्ये दोन हात वाळू, ती कोणी ओलांडत नाही. मागे टेकडीवर गावातली माणसं, पोरांना कडेवर घेऊन. सोन्याने मढवलेली पालखी येते. ती उतरते. रेशमी वस्त्र नेसलेली, पायात काही नाही. सगळ्यात पुढच्या खडकावर जाऊन ती लोकांकडे तोंड करते.

मग तिचं बोलणं. ते लांबवू नका, भाषण झालं की मेलं. मुद्दे तीनच. मी एकाची झाले तर बाकीचे रक्त सांडतील. म्हणून मी एकाची होणार नाही, सगळ्यांची होईन. दरवर्षी याच महिन्यात याच दिवशी, पहाटेच्या आधी, इथेच या, मी भेटेन. यातलं तिसरं वाक्य सगळ्यात हळू, आणि त्यात तारीख पुन्हा घ्या, जी तुम्ही सुरुवातीला दिली होती.

उडी एका वाक्यात. वारा सुटतो, वीज कडाडते, लाटा उठतात हे बहुतेक कथनांत आहे, घ्या हवं तर, पण उडीच्या आधी घ्या, नंतर नको. उडीनंतर राजांना पाण्यात उतरवा. ही जागा लोक हमखास सोडतात! वाळूवर दोन हात अंतर ठेवून उभे असलेले राजे आता एकाच पाण्यात, खांद्याला खांदा लावून, मशाली विझलेल्या, चाचपडत शोधतायत. ती सापडत नाही. आणि मग कोणाच्या तरी हाताला काहीतरी लागतं. केसांसारखं. हलतंय.

आता न्याले.

न्याले काय आहे, आणि ते कधी सांगायचं

न्याले म्हणजे गांडुळाच्या दूरच्या नात्यातले समुद्री प्राणी, शास्त्रज्ञ ज्यांना पालोला म्हणतात त्या गटातले आणि त्यांच्यासोबतचे काही भाऊबंद. वर्षभर ते प्रवाळाच्या खडकांच्या फटींत राहतात, कोणाला दिसत नाहीत. वर्षातल्या ठरलेल्या दिवसांत, चंद्राच्या ठराविक कलेला, त्यांच्या शरीराचा मागचा भाग, ज्यात अंडी किंवा शुक्रपेशी ठासून भरलेल्या असतात, तुटून वेगळा होतो आणि पोहत वर येतो. एकाच वेळी असंख्य. पाण्याचा पृष्ठभाग वळवळायला लागतो. मादीचे धागे हिरवट निळे, नराचे तांबूस तपकिरी. दिवस उजाडता उजाडता ते फुटतात, बीज पाण्यात मिसळतं, आणि थोड्या वेळात सगळं विरघळून गेल्यासारखं संपतं. म्हणून पहाटेची वेळ. उशिरा उठलेल्याला काही मिळत नाही.

आणि यातली सगळ्यात भारी गोष्ट: डोकं खालीच राहतं. मूळ प्राणी खडकातच जिवंत असतो, त्याला मागचा भाग परत फुटतो, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. वर येतो तो फक्त वाटून टाकायचा भाग. ससाक लोकांमध्ये न्याले म्हणजे तिचे केस अशीही समजूत आहे, आता हे दोन्ही शेजारी ठेवून बघा.

पण हे विज्ञान गोष्टीच्या आत घालू नका. राजे पाण्यात उभे आहेत, हातात वळवळणारे रंगीत धागे आहेत, आणि तिथे तुम्ही प्रजनन समजवायला लागलात तर मेहनतीने बांधलेलं सगळं ढासळतं. गोष्टीत एवढंच: हजारो, लाखो, मूठभर घ्या आणि दुसऱ्याला द्या तरी संपत नाहीत, सगळ्या राजांना पुरून उरल्या, टेकडीवरच्या लोकांनाही. मग लगेच काळ बदला. "आजही." लोक मध्यरात्रीनंतर किनाऱ्यावर जमतात, डोक्याला टॉर्च, हातात जाळी, कमरेला बादली नाहीतर डबा बांधलेला. टॉर्चच्या उजेडात धागे चमकतात, कोणीतरी ओरडतं, सगळे तिकडे धावतात. घरी नेऊन केळीच्या पानात मसाला घालून भाजतात, त्याला पेपेस म्हणतात, कोणी सूप करतं, कोणी तळतं, काहीजण तिथेच कच्च्या खातात. काही शेतात टाकतात, पीक चांगलं येतं म्हणून. न्याले भरपूर आल्या तर त्या वर्षी भात चांगला, असा अंदाजही बांधतात. तुम्ही सुरुवातीला ती म्हातारी आणि ते शेत दाखवलं असेल तर इथे नुसतं "शेतात टाकतात" म्हटलं की ऐकणारा स्वतः जोडून घेतो, तुम्ही जोडू नका.

विज्ञान गोष्ट संपल्यावर, कोणी विचारलं तर. आणि विचारतातच.

लहान मुलं असतील तर

उडीचं काय करायचं हा प्रश्न येतो. माझ्या मते मुलांसमोर ती "मेली" असं म्हणायचं नाही, आणि हे खोटं सांगणं पण नाही, कारण ससाक लोक स्वतः सांगतात ते रूप बदलल्याचं, मेल्याचं नाही. "ती पाण्यात शिरली आणि न्याले झाली" असं सरळ सांगा. जीव देणं म्हणजे काहीतरी उदात्त असा सूर मुलांपुढेच काय मोठ्यांपुढे पण लावू नका, विशेषतः वयात आलेल्या मुलामुलींपुढे. त्यांच्याशी नंतर बोलायचं असेल तर राजांबद्दल बोला: सहातल्या एकाने जरी माघार घेतली असती तर काय झालं असतं, घेतली का नाही. मुलं यावर जबरदस्त वाद घालतात.

मोठ्यांसाठी सेंगगेगरचा भाग वाढवा, लहानांसाठी कमी करा आणि दूतांचा प्रसंग वाढवा, दूत मुलांनाच करू द्या. "आणि नाही म्हटलं तर?" हा प्रश्न सगळ्या मुलांनी एकदम विचारायचा, मजा येते.

सामान

फार काही नको. ढोल मिळाला तर उत्तम, कारण ससाक लोकांचा गेंदांग बेलेक म्हणजे गळ्यात अडकवून वाजवायचे मोठाले ढोल, पूर्वी लढाईला निघालेल्यांना निरोप द्यायला ते वाजवत असं सांगतात. सैन्य निघतं तिथे दोन-तीन ठोके, पहाटेच्या प्रसंगात एकही नाही. रंगीत दोरे हातात लपवून शेवटी सोडण्याची आयडिया बऱ्याच जणांना सुचते. मला ती आवडत नाही, ऐकणाऱ्याच्या डोक्यातल्या न्याले तुमच्या दोऱ्यांपेक्षा कितीतरी चांगल्या असतात. पण मुलं अगदीच लहान असतील तर चालेल.

स्टेजवर दोन माणसं असतील तर राजांच्या भांडणासाठी पेरेसेआनची ढब वापरता येते. हा ससाक लोकांचा वेताच्या काठ्यांचा खेळ, एका हातात काठी, दुसऱ्या हातात म्हशीच्या कातड्याची ढाल, फटके खरे बसतात, पाठीवर वळ उठतात, आणि खेळ संपल्यावर दोघे एकमेकांना मिठी मारतात. मिठी दाखवू नका. राजांनी ती मारली नाही म्हणून तर गोष्ट झाली.

नंतर लोक काय विचारतात

"म्हणजे ते लोक राजकन्येला खातात?" हा पहिला प्रश्न, नेहमी. हसून टाळू नका. हो, आणि तिनेच तसं सांगितलंय, सगळ्यांची होईन म्हणून. खाण्यात अपमान नाही, न येण्यात आहे.

"खरंच घडलंय का?" लोककथा आहे, राजाचा शिलालेख वगैरे शोधत बसू नका. किनारा खरा, तारीख खरी, न्याले खऱ्या. एवढं पुष्कळ झालं.

"मंदालिका तर रेसिंगचं नाव आहे ना?" बाइकवाले असतील तर हमखास येतो. त्याच किनाऱ्यालगत सर्किट आहे, साधारण 4.3 किलोमीटर, 17 वळणं, 2021 च्या नोव्हेंबरमध्ये तिथे पहिली मोठी शर्यत झाली आणि 2022 च्या मार्चमध्ये मोटोजीपी. त्या मोटोजीपीला इतका पाऊस पडला की शर्यत उशिरा सुरू झाली आणि पाऊस थांबवणारी एक मांत्रिक बाई भर ट्रॅकवर फिरली, तो व्हिडिओ जगभर गाजला. नाव अर्थातच राजकन्येचं. तरुण मंडळींपुढे सांगताना मी कधीकधी सुरुवातच इथून करतो, "त्या सर्किटला जिचं नाव आहे ती कोण?", चालतं मस्त.

"दुसरी अशी एखादी सांगा ना" म्हणाले तर लोम्बोकच्या पूर्वेला सुम्बावा ओलांडून सुम्बा बेट आहे, तिथली सांगा. तिथेही न्याले येतात, फेब्रुवारी-मार्चमध्येच, आणि तिथेही गोष्टीत एक देखणी बाई आहे, राबू काबा. नवरा उंबू दुल्ला समुद्रावर जातो, परतत नाही, मेला समजून गाव शोक करतं. ती कोडी भागातल्या तेदा गाइपारोनाच्या प्रेमात पडून त्याच्याबरोबर निघून जाते. आणि मग नवरा जिवंत परत येतो. ती परत जायला तयार नाही, नव्या माणसाला पहिल्या नवऱ्याने दिलेलं देज, म्हणजे वधूमूल्य, भरून द्यावं लागतं, आणि गावाने दुःख विसरावं म्हणून न्यालेच्या दिवसांत पासोला सुरू होतो, म्हणजे घोड्यावरून एकमेकांवर लाकडी भाले फेकायचा खेळ. पण एकाच बैठकीत दोन्ही सांगू नका. मंदालिका भांडण स्वतःच्या अंगावर घेऊन मिटवते, सुम्ब्यात ते पैशा-जनावरांच्या व्यवहाराने मिटतं, आणि एकामागोमाग ऐकलं की पहिलीचा राग दुसरीवर निघतो, "मग हिला का नाही जमलं असं?" म्हणून. दुसऱ्या दिवशी सांगा, आणि तेव्हा मात्र न्याले पहिल्या वाक्यातच येऊ द्या, त्या आता सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत.